लँडमास्टर की पहिली अँबॅसिडर? आणि तिच्यात इसुझू इंजिन बसवावं का?

प्रश्न (गोदाकाठ): निफाडजवळच्या वाड्यात हिंदुस्थान मोटर्सची जुनी गाडी बरीच वर्षं उभी आहे. घरचे लँडमास्टर म्हणतात, मेकॅनिक अँबॅसिडर मार्क १ म्हणतो. इंजिन साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाही, ब्लॉकमध्ये बाजूला) आहे आणि जाम आहे. चासिस प्लेटवर (गाडीचा नंबर कोरलेली पट्टी) रंगाचे थर आहेत. नंतरच्या अँबॅसिडर १८०० आयएसझेड मॉडेलचं इसुझू इंजिन, पाच गिअर, रुंद टायर असा विचार आहे, म्हणजे कसारा घाट आरामात चढेल. गाडी ओळखायची कशी? आणि हा बदल करावा का?

अंबड_टर्नर: इंजिनावरून ठरवू नका. लँडमास्टरमध्ये १४७६ सीसी साइड-व्हॉल्व्ह होतं, आणि सुरुवातीच्या अँबॅसिडरमध्येही तेच. १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह नंतर आलं. बॉडी बघा. लँडमास्टर मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीच्या सिरीज दोनवरची, अँबॅसिडर सिरीज तीनवरची. मागच्या मडगार्डला शेपटीसारखे उभे पंख आणि बॉनेटवर लांब खोलगट पन्हळी असतील तर अँबॅसिडर. बॉनेट गुळगुळीत आणि मागची बाजू गोल उतरती असेल तर लँडमास्टर. मात्र बॉनेट बदललेलं असू शकतं, मडगार्ड सहसा कोणी बदलत नाही. म्हणून मागची बाजू आधी बघा.

चासिस प्लेटला वायर ब्रश किंवा घासकागद लावू नका, कोरलेले आकडे जातात. पेंट रिमूव्हर लावून थर सुटू द्या, मग कागद ठेवून पेन्सिल प्रिंट घ्या. तो आरसीशी जुळवा.

स्पॅनर_१३: मी बदलाच्या बाजूचा आहे. चालू शकणारी गाडी शेडमध्ये गंजत ठेवणं हे जतन नव्हे. पण हॉट-रॉडची (जुन्या गाडीत जोरदार इंजिन टाकायची) पद्धत अमेरिकेत ज्या गाड्यांवर वाढली, त्या १९३२ च्या फोर्डला वेगळी चासिस होती. बॉडी उतरवा, हवं ते इंजिन टाका. ऑक्सफर्डच्या बॉडीला वेगळी चासिस नाही, पत्र्याचं कवचच भार पेलतं. इसुझूच्या गिअरबॉक्ससाठी फ्लोअरमधला मधला उंचवटा (बोगदा) कापलात आणि फ्लोअर शिफ्टला, म्हणजे खालच्या गिअर दांड्याला, भोक पाडलंत की ताकदीची जागाच जाते. टॉर्शन बारच्या (पुढच्या सस्पेन्शनची स्प्रिंगचं काम करणारी सळई) मागच्या अँकरजवळ गंज असेल तर दुप्पट धोका. तिथे आधी स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा.

घाटच चढायचा असेल तर जुन्या अँबॅसिडरचं १४८९ इंजिन गिअरबॉक्ससकट घ्या. गाड्यांच्या याच घराण्यातलं आहे, स्टिअरिंगवरचा गिअर राहतो. मूळ इंजिन तेल भरून, भोकं बंद करून जपा. ब्रॅकेट बोल्टचे करा, वेल्डिंग नको.

पेठरोड_फेऱ्या: कागदांचंही बघा. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चासिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडीच व्हिंटेज ठरते. अर्ज फॉर्म २० मध्ये परिवहन पोर्टलवर, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. जुना नंबर असेल तर तोच राहतो, नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिका मिळते. इसुझू टाकलंत की हा रस्ता बंद. मात्र व्हिंटेज नोंदणीवर रोजची ये-जा चालत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. नेहमी फिरवायची असेल तर साधी पुनर्नोंदणी बघा. इंजिन बदललं तर मंजुरी आणि आरसीवर नोंद लागेलच.

गोदाकाठ: मागे पंख नाहीत, बॉनेट गुळगुळीत आहे.

अंबड_टर्नर: मग लँडमास्टर! अँबॅसिडर लाखोंनी निघाल्या, या गाड्या थोडीच वर्षं बनल्या. माझं मत स्पष्ट आहे: हिला कापू नका, १४८९ सुद्धा नको. मूळ इंजिन सोडवा.

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये २०-२५ मिली डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्मं घाला, तीन-चार दिवस ठेवा. मग गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन फिरवायच्या हँडलने मागेपुढे हलवा. दुसऱ्या गाडीने ओढून सोडवायचा प्रयत्न केलात तर पिस्टनच्या रिंगा तुटतील. साइड-व्हॉल्व्हमध्ये बहुतेकदा पिस्टन नव्हे, व्हॉल्व्हच अडकतात. जुन्या पेट्रोलचा चिकट थर गाइडमध्ये (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी) धरतो. ब्लॉकच्या बाजूचं टॅपेट कव्हर उघडून कोणता वर राहिलाय ते बघा, त्याच्या दांड्यावर (स्टेमवर) केरोसीन सोडा, लाकडाने हलके ठोके द्या. हेड काढलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट आणि बोअर (सिलिंडरचं भोक) यांच्यामध्ये बारीक तडा शोधा. तडा असेल तर बोअरिंगवर पैसे घालण्याआधी ब्लॉक प्रेशर टेस्ट करून घ्या.

स्पॅनर_१३: लँडमास्टर असेल तर मी माझी सूचना मागे घेतो. पेट्रोल होज आणि पंपाचा डायफ्राम मात्र इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्या, जुनं रबर आजच्या पेट्रोलमध्ये फुगतं. टाकी उतरवून धुवा. ब्रेकचे व्हील सिलिंडर चारही ठिकाणी उघडल्याशिवाय ती शेडबाहेर काढू नका.