‘पेटी’चा अर्थ बदलायचा, की नवा शब्द आणायचा?

सड्यावरचा_कोडर (धागाकर्ता)
देवगडच्या आंबा बागायतदारांच्या हिशोबासाठी २०१८ च्या हंगामात मी एक छोटी भाषा लिहिली. भाषा म्हणजे फार काही नाही, चाळीसेक शब्द. मुनीम फाईलमध्ये लिहितो:

दर पेटी हमाली १२
दर डझन भराई ४

दलालाची पट्टी (विक्रीचा हिशोब) आली की वजावट जाऊन हातात किती उरले ते निघतं. तेव्हा पेटी म्हणजे लाकडी पेटी. डझन लिहिले नाहीत तर ५ डझनी धरायची.

आता बराच माल पुठ्ठ्याच्या बॉक्समधून थेट गिऱ्हाईकाकडे जातो आणि त्यालाही लोक पेटीच म्हणतात. म्हणून गेल्या हंगामात मी नियम बदलला: डझन लिहिले नाहीत तर १.

परवा दोन भावांच्या वाटणीसाठी २०२१ ची फाईल परत चालवली. जुन्या छापील कागदावर २,८४,३००, पडद्यावर २,८९,४२०. तीनशेवीस पेट्यांवरची चार-चार डझनांची भराई गायब! एक चूक दाखवली नाही, एक इशारा नाही. धाकटा भाऊ थोरल्याकडे बघत बसला.

तरी माझं मत असं की जुनं मोडलंच पाहिजे. शब्द लोक वापरतात तसा चालावा. जुन्या ४३ फायली रूपांतरकातून काढतो, विषय संपला. तुम्ही काय कराल?

खाडीपल्याड
सपशेल असहमत. शब्द काढून टाका, फाईल अडेल, ओरडेल, माणूस तुम्हाला फोन करेल. पण तोच शब्द ठेवून अर्थ बदलायचा? ते दोन भाऊ तुमच्याकडे नाही, एकमेकांकडे बघत होते ना, तिथेच उत्तर आहे.

‘मेक’ची गोष्ट ठाऊक असेल, प्रोग्राम कसा जुळवून तयार करायचा ते ज्यात लिहितात ती. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये ती भाषा केली. आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा हा नियम चुकलाय हे त्यांना लवकरच कळलं. पण तोवर डझनभर वापरणारे झाले होते, त्यांचं बिघडू नये म्हणून तसंच ठेवलं.

सड्यावरचा_कोडर
अहो, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण! त्या डझनभर लोकांपायी पुढे जगभरच्या प्रोग्रामरांनी टॅब आणि स्पेसच्या फरकावर रात्री घालवल्या. माझे वापरणारे आज अकरा आहेत. मोडायचं तर आत्ताच.

हिशोब_चोख
मुळात भाषाच कशाला हवी होती? एक्सेल शीट दिली असती तर ही वेळ आली नसती.

खाडीपल्याड
एक्सेल १९०० हे लीप वर्ष मानतं, माहीत आहे? २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख कधी नव्हतीच. ‘लोटस १-२-३’ या आधीच्या स्प्रेडशीटमध्ये ती चूक होती, तिच्या फायली जुळाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने मुद्दाम तशीच घेतली. आजही आहे. सूत्रं लिहिलीत की भाषा आलीच, फक्त ती तुम्हाला दिसत नाही.

हिशोब_चोख
बरं. पण माझी शीट मला तरी वाचता येते.

पडवीतून
माझ्या घोवाची बाग आसा, हिशोब मी बघतंय. पेटी म्हणजे लाकडाची, बॉक्स म्हणजे बॉक्स. आमच्याकडे बॉक्साक कोण पेटी म्हणणा नाय, तो मुंबयचो गिऱ्हाईक म्हणता. तुमका ह्यां कोणी सांगल्यान?

सड्यावरचा_कोडर
वहिनी, खरं सांगू? ऑर्डरीचे मेसेज बघून मीच ठरवलं.

ओहोटी
:) वहिनींना +१. पण भाषा मोडण्याच्या बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. सर्व्हर वगैरे कसे उभारायचे ते ज्यात लिहितात त्या टेराफॉर्मने २०१९ मध्ये ०.१२ आणताना लिहिण्याची पद्धत बरीच बदलली आणि सोबत जुन्या फायली नव्या रूपात लिहून देणारी आज्ञाही दिली. लोक कुरकुरले आणि पुढे गेले. इथे तर काम सोपं आहे. जिथे डझन लिहिलेले नाहीत तिथे रूपांतरकाने ‘५ डझनी’ लिहून टाकायचं.

खाडीपल्याड
आणि गेल्या हंगामात लिहिलेल्या फायली? त्यांत न लिहिलेलं म्हणजे १. दोन्ही फायली दिसायला सारख्याच. रूपांतरक ओळखणार कशावरून?

ओहोटी
हं. हे डोक्यात आलं नव्हतं.

कातळावरून
रस्ट या प्रोग्रामिंग भाषेसारखं करा. तिथे प्रत्येक प्रकल्प आपण कोणत्या आवृत्तीचे ते सांगतो: २०१५, २०१८, २०२१, २०२४. ‘असिंक’ हा शब्द २०१८ च्या आवृत्तीत राखीव झाला, पण २०१५ वाल्यांना तो अजूनही साधं नाव म्हणून वापरता येतो, आणि दोघांचं कोड एकत्र चालतं. तुमच्या फाईलची पहिली ओळ ‘हंगाम २०२१’. त्यावरून पेटी किती डझनांची ते ठरेल. ओळ नसेल तर फाईल चालवूच नका.

ओहोटी
रस्टमागे माणसं किती, इथे एकटा माणूस. दर हंगामाचा अर्थ जपायचा, प्रत्येकाची चाचणी करायची. दहा वर्षांनी ह्याला आंबा दिसला तरी धडकी भरेल. मी म्हणतो, एकदाच नीट रूपांतर करा आणि जुना अर्थ पुरून टाका.

खाडीपल्याड
दर हंगामाला अर्थ बदलायचाच कशाला? दोनच वाचनं आहेत, ५ वालं आणि १ वालं. तिसरं येऊ देऊ नका. बॉक्सला ‘बॉक्स’ म्हणा, वहिनी म्हणतात तसं.

सड्यावरचा_कोडर
बॉक्स हा वेगळा शब्द घेतला. पेटी परत ५ डझनी. मोडायच्या मताला मी अजून चिकटून आहे, फक्त मोडताना आवाज झाला पाहिजे एवढं मान्य. रात्री लाईट आल्यावर ‘हंगाम’ची ओळ सगळ्या फायलींत घालायला बसलो. ४० फायलींच्या नावातच वर्ष होतं. उरल्या तीन: ‘बाग_वरची’, ‘काका’ आणि ‘नवीन_अंतिम_खरी’. तारखा बघून उपयोग नाही, लॅपटॉप बदलताना सगळ्यांना एकच तारीख लागली आहे. छापील पट्ट्या मुनीमकाकांकडे पिशवीत आहेत म्हणे. उद्या सकाळी जामसंड्याला जाऊन येतो.