लिंबाच्या थरांच्या गोठवलेल्या पक्वान्नाचे थर कापताना सुटतात

प्रश्न (लिंबूटिंबू): पाककृती स्पर्धेच्या अंतिम फेरीसाठी मी लिंबाचे तीन थरांचे गोठवलेले पक्वान्न करत आहे. तळाशी लोण्यात कालवलेला बिस्किटांचा चुरा, मध्ये फेटलेले क्रीम व कंडेन्स्ड मिल्क, आणि वर सॉर्बे, ज्यासाठी मी ५०० मिली पाणी, २०० मिली लिंबाचा रस आणि १५० ग्रॅम साखर घेते. चव जमली आहे. परंतु उणे १८ अंशांच्या फ्रीझरमधून काढून कापताना वरचा थर दगडासारखा लागतो, मधला सुरीखाली दबतो आणि सॉर्बेची अख्खी लादी घसरून पडते. जिलेटिन घालावे का?

साखरपाक: जिलेटिनने मूळ दुखणे जाणार नाही. आपल्या सॉर्बेत साखर जेमतेम १८ टक्के भरते. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणून ती कमी पडली की जवळजवळ सगळ्या पाण्याचा बर्फ होतो. मधल्या थरात मात्र साखर, स्निग्धांश आणि हवा तिन्ही असल्यामुळे तो मऊच राहतो. तेवढ्याच पाण्यारसाला साखर २५० ग्रॅम करा, आणि त्यातली ६० ग्रॅम काढून तितकीच ग्लुकोज पावडर घाला. ग्लुकोजचा रेणू लहान असल्याने तेवढ्याच वजनात ती गोठणबिंदू अधिक खाली नेते आणि गोडी मात्र साखरेपेक्षा कमी देते.

थंडगार: वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण थर सुटण्याचे दुसरे कारण सांधा हे आहे. मधला थर पूर्ण गोठून त्यावर हिमकण जमले की वरचा थर त्या हिमावर बसतो, क्रीमवर नव्हे. बोट लावल्यास ठसा उमटेल पण बोट आत जाणार नाही, अशा वेळी काट्याने पृष्ठभाग हलकेच खरवडा आणि अर्धवट गोठलेले, दाटसर सॉर्बे त्यावर पसरा. पातळ मिश्रण ओतू नका. ते क्रीममध्ये खड्डे पाडते. आणखी एक: लिंबाची किसलेली साल सॉर्बेऐवजी क्रीममध्ये घाला, कारण सालीतले सुगंधी तेल स्निग्धांशात चांगले उतरते. सालीखालचा पांढरा भाग मात्र किसणीवर येऊ देऊ नका, तो कडू असतो.

लिंबूटिंबू: दोघांचेही आभार. एवढ्या साखरेने आंबटपणा मरणार नाही ना, ही शंका उरते.

साखरपाक: न गोठवलेले मिश्रण चाखाल तर अति गोडच वाटेल, आणि तसेच वाटायला हवे, कारण थंडीने जिभेला गोडी कमी जाणवते. तरीही खटकल्यास साखर कमी न करता ३० मिली पाण्याच्या जागी तितकाच रस घ्या.

लिंबूटिंबू: काल करून पाहिले. दहा मिनिटे बाहेर ठेवून, गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने कापल्यावर तिन्ही थर एकत्र उभे राहिले. बिस्किटांचा तळ अजून थोडा भुसभुशीत आहे, त्यात लोणी वाढवून पाहते.