बंड्याचा गुडघा आणि ए विंगची लिफ्ट

विलासकाका, ए-७०२: सुप्रभात. आज परत मोठ्या लिफ्टमध्ये कुत्र्याचे केस आणि ओल्या पायांचे ठसे. नोटीस लावून किती दिवस झाले? पाळीव प्राणी सर्व्हिस लिफ्टनेच न्यावेत.

नंदाकाकू, ए-२०१: ठसे दूधवाल्याचेही असतात हो. पाऊस आहे.

विलासकाका, ए-७०२: दूधवाला केस गाळत नाही.

मृणाल, ए-६०१: काका, बंड्याबद्दलच बोलताय तर सरळ नाव घ्या, मला राग नाही. लिफ्ट मी लगेच पुसून घेतली होती, आत्ता परत पुसते. पण सर्व्हिस लिफ्ट जूनपासून बंद आहे हे तुम्हालाही माहीत आहे. बंड्याच्या मागच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. जिना त्याला सक्त मना आहे. ३६ किलोचा लॅब्रेडॉर मी एकटी सहा मजले कसा उचलणार?

रोहन, ए-४०३: बंड्या आयपीएल खेळला की काय? ते क्रिकेटवाल्यांचं होतं ना, एसीएल 😄

मृणाल, ए-६०१: लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, तेच रे, गुडघ्यातलं क्रूशिएट. पण आपलं बहुधा एका झटक्यात तुटतं. कुत्र्याचं बऱ्याचदा आधीपासून आतून झिजत येतं, जुन्या दोराचे पीळ एकेक करून सुटावेत तसं. मग सोफ्यावरून साधी उडी मारली तरी उरलेलं तुटतं. लॅब, रॉटवायलर यांना जास्त होतं, आणि वजन वाढलेलं असेल तर विचारूच नका.

नंदाकाकू, ए-२०१: तरी मी सांगत होते, गेटवर बिस्किटं चारू नका. वॉचमन रोज पुडा फोडतो.

दिवाकरकाका, बी-३०४: वॉचमनला कशाला मध्ये आणता? त्याचा पगार आधी वेळेवर द्या.

सुरेश सेक्रेटरी: पगार वेळेवरच होतो. ज्यांचा मेंटेनन्स थकलाय त्यांनी भरला तर सर्व्हिस लिफ्टचंही काम लगेच होईल.

रोहन, ए-४०३: हे कुणाला उद्देशून?

सुरेश सेक्रेटरी: यादी बोर्डावर आहे.

रोहन, ए-४०३: पार्किंगचा हिशेब पण लावा मग बोर्डावर.

विलासकाका, ए-७०२: मूळ मुद्दा: पाळीव प्राणी सर्व्हिस लिफ्टनेच न्यावेत.

नंदाकाकू, ए-२०१: मृणाल, ऑपरेशनची एवढी घाई का केलीस ग? आमच्या गावी बैलाचा पाय मुरगळला की आंबेहळदीचा लेप लावायचे, चार दिवसांत चालायला लागायचा. आणि दुखत असेल तर यांच्या गुडघ्याच्या गोळ्या आहेत घरात. पाठवते, अर्धी देऊन बघ.

मृणाल, ए-६०१: काकू, तुमची माया कळते. पण ती गोळी कृपया नको, आणि हे सगळ्यांनाच सांगते. माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी औषधं कुत्र्याला देऊ नका. पोटात अल्सर होतात, रक्त पडतं, किडनी जाऊ शकते. त्याला डॉक्टरांनी मेलोक्सिकॅम दिलंय, वजनावर मोजून, खाण्याबरोबर. त्याच्या जोडीला दुसरी पेनकिलर किंवा स्टेरॉइड चालत नाही.
आणि हे मुरगळणं नाही, लिगामेंट तुटलंय. तुटलेलं लिगामेंट लेपाने सांधत नाही.

दिवाकरकाका, बी-३०४: डायक्लोफेनॅकवरून आठवलं. गुरांना ते द्यायचे आणि मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरायची. २००६ साली जनावरांच्या औषधात त्यावर बंदी आली. पर्याय म्हणून पुढे आलं ते हेच मेलोक्सिकॅम.

रोहन, ए-४०३: गिधाडं पण सर्व्हिस लिफ्टनेच 😂

विलासकाका, ए-७०२: थट्टा पुरे. मी काही चुकीचं बोललेलो नाही.

शुभांगी, बी-५०२: आम्ही मुंबईला होतो तेव्हा आमच्या पॉमला, म्हणजे पॉमेरेनियन कुत्रीला, हेच झालं होतं. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला दाखवलं. आराम आणि औषध, बस. न कापता बरी झाली. हल्ली सगळेच लगेच मोठ्या खर्चात पाडतात. अर्थात ज्याची त्याची ऐपत.

मृणाल, ए-६०१: शुभांगीताई, ऐपतीचा विषय नाही. पॉम चार-पाच किलोची. साधारण १५ किलोच्या आतली कुत्री सहा-आठ आठवडे काटेकोर विश्रांती आणि वजन उतरवणं यावर बऱ्याचदा चांगली सावरतात. मोठ्या कुत्र्याचा गुडघा मात्र पाऊल टाकलं की दरवेळी सरकतो. त्यात मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली गादी, चिरडते आणि संधिवात वाढत जातो. बंड्याची गादी थोडी फाटलेलीच निघाली.

दिवाकरकाका, बी-३०४: एक्स-रेत दिसलं का हे सगळं?

मृणाल, ए-६०१: नाही काका, लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. सांध्यात पाणी झालेलं आणि हाडातले बदल दिसतात. खरं निदान हाताने होतं. गुंगी देऊन मांडीचं हाड धरतात आणि नडगी पुढे सरकते का बघतात. त्याची सरकत होती.

दिवाकरकाका, बी-३०४: मग नवीन लिगामेंट बसवलं?

मृणाल, ए-६०१: नाही. मलाही आधी तसंच वाटलं होतं. टीपीएलओ म्हणतात याला. कुत्र्याच्या नडगीचा वरचा भाग मागे उतरता असतो, म्हणून भार पडला की मांडीचं हाड त्या उतारावरून घसरतं. तिथे हाड गोल कापतात, फिरवून उतार पाच अंशांच्या आसपास आणतात आणि प्लेट-स्क्रूने बसवतात. मग लिगामेंट नसलं तरी गुडघा सरकत नाही. अमेरिकेतल्या डॉ. बार्कले स्लोकम यांनी ही पद्धत काढली, १९९३ मध्ये छापून आली.
म्हणजे आत्ता त्याचं हाड कापलेलं आहे. ते जुळायला आठ आठवडे तरी लागतात. तोवर जिना, उडी, पळणं बंद. जिन्यावर घसरला तर प्लेट हलेल आणि पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. म्हणून लिफ्ट, काका. लाड म्हणून नाही.

विलासकाका, ए-७०२: त्याच्याबद्दल वाईट वाटतंच. पण आज तुम्ही, उद्या दुसरा. नियम एकदा मोडला की संपला. पाळीव प्राणी सर्व्हिस लिफ्टनेच न्यावेत.

मृणाल, ए-६०१: चालू असती तर तिनेच नेलं असतं. आणि विषय नियमाचाच असेल तर अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना वाचा. सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही. मी आजवर हे बोलले नाही, कारण शेजाऱ्यांशी कागद दाखवून बोलायची वेळ येऊ नये असं वाटत होतं.

विलासकाका, ए-७०२: मग आता आली का वेळ? आम्हाला कायदा शिकवू नका.

नंदाकाकू, ए-२०१: अहो विलासभाऊजी, तुमच्या गुडघ्याच्या वेळी सगळ्या विंगने तुमच्यासाठी लिफ्ट थांबवून धरली होती.

रोहन, ए-४०३: 🙏🙏

सुरेश सेक्रेटरी: विषय थांबवू या. एक्स-रे होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंड्या मोठ्या लिफ्टने जाईल. लहान मुलं किंवा कुणी घाबरणारं आत असेल तर मृणालताई पुढच्या फेरीला थांबतील. सर्व्हिस लिफ्टचं कोटेशन रविवारच्या मीटिंगमध्ये.

विलासकाका, ए-७०२: लेखी द्या.

सुरेश सेक्रेटरी: देतो.

शुभांगी, बी-५०२: मृणाल, आमच्याकडे पॉमच्या वेळचे रबरी मॅट पडून आहेत. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतो त्याचा. संध्याकाळी पाठवते.

मृणाल, ए-६०१: खूप बरं होईल ताई, हॉलला कमीच पडत होते. पोटाखाली टॉवेलची झोळी धरून चालवते आहे, तरी टाइलवर धाकधूक वाटते. दुसरा पायही जपायला हवा, एक गुडघा गेलेल्या जवळपास निम्म्या कुत्र्यांचा पुढे दुसराही जातो.
आणि सगळ्यांना एक विनंती, मुलांना सांगा. बंड्या खाली पट्ट्याला बांधलेला दिसला की लांबून हाक मारू नका, चेंडू दाखवू नका. तो पाय विसरून झेप घेतो. जवळ येऊन डोक्यावरून हात फिरवा, त्याला तेवढं पुरतं. बिस्किटं मात्र नकोत, त्याचं वजन उतरवायचंय.

नंदाकाकू, ए-२०१: वॉचमनला मी सांगते.

दिवाकरकाका, बी-३०४: त्याला प्रेमाने सांगा.

विलासकाका, ए-७०२: मॅट लिफ्टमध्येही एक टाका. फरशी तिथलीही गुळगुळीत आहे. आणि केस झाडून न्या.

मृणाल, ए-६०१: हो काका.