देवगिरी ‘फितुरीनेच’ पडला म्हणे. आणि मिठाची पोती?

काळाकोट:
काल इथे कुणीतरी दौलताबादचे, म्हणजे देवगिरीचे फोटो टाकून खाली लिहिलं, ‘जगातला एकमेव अभेद्य किल्ला. तलवारीने कधीच पडला नाही, रामदेवरायाच्या वेळी पडला तो फितुरीने.’ खाली बदामांचा पाऊस. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

फोटोत आहे काय? मेंढा तोफ, चाँदमिनार, चिनी महाल. यातलं एकही यादव राजा रामदेवरायाने पाहिलेलं नाही. मिनार बहमनींचा, तोफेवर नाव औरंगजेबाचं. तासलेला कडा आणि कातळातला खंदक यादवांचा की तुघलक-बहमनींचा, यावर अभ्यासकांचं अजून जुळत नाही. मग १२९६ ला अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा तुमच्या फोटोतला किल्ला तिथे होता, हे कुणी सांगितलं? फौज राजाच्या मुलाबरोबर, शंकरदेवाबरोबर बाहेर, राजा वर अडकलेला, कोठारात दाणे नाहीत. यात फितूर दाखवा.

गडवेडा_९६:
फोटो माझेच. मिठाच्या पोत्यांची गोष्ट शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. धान्य म्हणून वर नेलं, उघडलं तर मीठ. हे आपोआप झालं का? तुमच्यासारख्यांना आपल्या लोकांचं कौतुक सोसत नाही, हा खरा रोग आहे.

काळाकोट:
ती गोष्ट फिरिश्ता या फारसी इतिहासकाराची. सतराव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे तीनशे वर्षांनंतरची. आणि त्याच्याकडेही फितूर नाही. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती गडबडीत धान्याची समजून वर नेली, एवढंच. घोळ आहे, कट नाही.

मोंढ्यातला_माणूस:
मध्ये बोलतो, माफ करा. तीस वर्षं भुसारात गेली. धान्य समजून मीठ उचललं, हे कुठलाही हमाल ऐकून हसेल. ज्या मापात गहू भरता त्याच मापात खडेमीठ भरा, सव्वा-दीडपट जड होतं. खांद्यावर घेताच गुडघा सांगतो. शिवाय मिठाचं पोतं चिकट, ओलसर, हात चाटला तरी कळतं. गव्हाच्या पोत्याला नुसती मूठ मारली की दाणे सरकतात, मीठ ढेकळासारखं बसलेलं असतं.

गडवेडा_९६:
बघा! काका माझंच म्हणतायत. न कळणं शक्य नाही, म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं.

मोंढ्यातला_माणूस:
मी असं म्हटलेलं नाही. मी म्हणतो गोष्टच खोटी आहे.

वेरूळकर_ताई:
काका, तुमचा हमाल दिवसाउजेडी, चहा पिऊन उचलतो हो. शत्रू वेशीत, पळापळ, डोंगर चढायचा. माझ्या सासऱ्यांनी धाकट्या दिराच्या लग्नात साखर समजून मिठाचा डबा आचाऱ्याला दिला होता. शिऱ्यात! आणि ते किराणा दुकानदार.

मोंढ्यातला_माणूस:
डबा आणि पोतं यात फरक आहे, ताई. तुमच्या सासऱ्यांबद्दल आदर आहे.

वेरूळकर_ताई:
तेव्हा बारदान नव्हतं, बैलाच्या पाठीवरच्या गोणी होत्या. लमाण हा शब्दच लवणावरून आला म्हणतात. गोणी सारख्या दिसतात. आणि कुणी अंधारीबद्दल, गडावर जाणाऱ्या त्या काळोख्या भुयारी वाटेबद्दल, बोलणार आहे का? मागच्या दिवाळीत गेलो तर वटवाघळांच्या वासाने लेकीला उलटी आली, आणि त्या वळणावर कुणीतरी वेफर्सची पाकिटं टाकलेली. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता म्हणतो वर जायला चामड्याची शिडी होती, रात्री ती ओढून घ्यायचे. ओढून घ्या पुन्हा, मी म्हणते.

गडवेडा_९६:
कचऱ्याचा विषय इथे नको. किल्ला लढून पडला का, एवढंच सांगा.

काळाकोट:
सांगतो. १६३३. आता खंदक आहे, कडा आहे, अंधारी आहे, सगळं आहे. मुघल सरदार महाबतखानाने वेढा घातला, बाहेरचा तट अंबरकोट सुरुंगाने फुटला. मग त्याच्या आतला महाकोट. सगळ्यात आतल्या काळाकोटावर (माझं नाव त्यावरूनच) कुणी चढून गेलं नाही, गरजच पडली नाही. आत माणसं उपाशी. निजामशाहीच्या मलिक अंबरचा मुलगा फतेहखान मुघलांकडून पैसे घेऊन किल्ला देऊन मोकळा झाला. कातळ तासता येतो हो, ज्वारी तासून निघत नाही.

गडवेडा_९६:
थांबा थांबा. पैसे घेऊन? 😀 याला काय म्हणतात, साहेब?

काळाकोट:
…घ्या. १६३३ ला फितुरी, अर्धा मार्क. अर्धा उपासमारीचा. पण तुम्ही लिहिलंय रामदेवरायाबद्दल, आणि फतेहखान यादव नव्हता.

गडवेडा_९६:
अर्धा मार्क दिल्याबद्दल दंडवत. ‘तलवारीने कधीच पडला नाही’च्या जागी ‘सहजासहजी पडला नाही’ करतो. ‘अभेद्य’ राहणार.

मोंढ्यातला_माणूस:
अंबरकोट फुटला असं ते वरच लिहितायत, तरी अभेद्य? असो. ताई, रविवारी दुकानावर या. गव्हाची एक गोणी आणि मिठाची एक, दोन्ही शिवून ठेवतो. डोळे बांधून उचला.

वेरूळकर_ताई:
सासऱ्यांना घेऊन येते.