अनुभव धागा: शाळेतल्या मुलांचा मदतनिधी, आकड्यांसकट

दिवाळीच्या आधी पणत्या, ७ डिसेंबरच्या सुमारास ध्वजनिधी, मग बाल आनंद मेळावा, अधूनमधून रद्दी. शाळेत निधीचं काम बाराही महिने चालू असतं आणि दर वर्षी नव्या बाई, नवे सर, नवे पालक तेच गोंधळ नव्याने घालतात. म्हणून हा धागा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. एकच अट आहे. 'आम्ही शाळेत असताना' अशी सुरुवात नको. किती किलो, किती वेळ, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा. पैशांचा विषय निघाला तर विक्री आणि शिल्लक यांत गल्लत करू नका.

रद्दीशास्त्र
सर्वांत बिनभांडवली काम रद्दीचं. सोळा-वीस पानी दैनिकाचा अंक साधारण ७० ते ९० ग्रॅम भरतो, म्हणजे एका घराची महिन्याची रद्दी दोन-अडीच किलो. चाळीस मुलांच्या वर्गाने प्रत्येकी एका घराची आणली तर शंभर किलोच्या आसपास. दर किलोला बारा रुपये धरला तर हजार-बाराशे रुपये. हे आधी फळ्यावर मांडा, म्हणजे 'रद्दीतून लाखभर जमवू' असली स्वप्नं तिथेच पुसली जातात.

गठ्ठे पाच किलोचे, सुतळीने उभे-आडवे बांधलेले. त्याहून जड गठ्ठा पाचवीच्या मुलाला जिना चढून नेता येत नाही. वर्तमानपत्रं, वह्या-पुस्तकं आणि पुठ्ठा यांचे तीन ढीग पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, कारण तिन्हींचे दर वेगळे. सरमिसळ झाली की दुकानदार सगळ्याला सर्वांत कमी दर लावतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. रद्दी जमिनीवर रचू नका, खाली बाकं किंवा फळ्या घाला. ओल लागलेला गठ्ठा बाजूला काढला जातो आणि वाळवी लागली तर शाळेचं दप्तरही धोक्यात.

वजन दोनदा: एकदा शाळेत, एकदा दुकानात. काट्याची शंका असेल तर वाद घालण्याऐवजी किराण्यातलं पाच किलोचं सीलबंद पीठ आधी त्यावर ठेवा. आणि वह्यांत अडकलेली बँकेची पत्रं, रिपोर्ट, आधारच्या झेरॉक्स काढून घ्यायला दोन मोठी माणसं बसवा. मुलांवर हे सोपवू नका.

खळवाटी
रद्दीशास्त्र यांच्या हिशोबात भर. तीच वर्तमानपत्रं पिशव्या करून औषधांच्या दुकानांना दिली तर किलोमागे जास्त सुटतं, पण मेहनतही तेवढी. खळ: एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग पाच वाट्या उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. बुकबाइंडर टिकण्यासाठी मोरचूद घालतात. तो विषारी आहे, शाळेत आणूच नका. दोन दिवसांत संपेल तेवढीच खळ करा. तळाची घडी किमान दोन बोटं रुंद हवी, नाहीतर सिरपची बाटली खालून निसटते.

या पिशव्या वडापाववाल्याला विकू नका. छपाईची शाई अन्नात उतरते, त्यामुळे खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत असं एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं वारंवार बजावलं आहे. एखाद्या आरोग्याच्या संस्थेसाठी निधी गोळा करायचा आणि हे करायचं, शोभत नाही.

मातीचेदिवे
पणत्या. दोनशे विकायच्या तर दोनशेवीस आणा, वाहतुकीत आणि मुलांच्या हातून फुटतात. तेलाच्या पणत्या रंगवण्याआधी सहा-आठ तास पाण्यात बुडवून ठेवायच्या, मग उन्हात दोन दिवस पूर्ण वाळवायच्या. न भिजवलेली पणती तेल पिते आणि खालचा पाट तेलकट करते, मग गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फिरकत नाही. आधी पांढऱ्याचा एक हात, मग ॲक्रिलिक. आतली बाजू आणि चोचीजवळचा सेंटिमीटरभर भाग कोरा. तिथे रंग किंवा टिकल्या असतील तर वात मोठी झाल्यावर त्या जळतात. ऑइलपेंट नकोच.

मेणाच्या असतील तर उलटं: पणती ठणठणीत कोरडी हवी, ओलीत मेण ओतलं की बुडबुडे येतात. लहान पणतीला १५ ते २० ग्रॅम मेण, म्हणजे दोनशेंना तीन ते चार किलो. मेण थेट आचेवर नाही, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून, आणि ते काम मोठ्यांचं. गार होताना मधे खळगा पडतोच, तो दुसऱ्यांदा थोडं मेण ओतून भरायचा. त्याचं मेण आधीच बाजूला काढून ठेवा.

विक्री वसुबारसेच्या आठवडाभर आधी संपली पाहिजे. लक्ष्मीपूजनानंतर उरलेली पणती म्हणजे पुढच्या वर्षीची अडगळ. आगाऊ मागणी नोंदवून तेवढ्याच रंगवणं उत्तम.

जाता जाता: उटणं शाळेत मिसळून विकायची कल्पना दर वर्षी कुणीतरी मांडतं. सौंदर्यप्रसाधन तयार करून विकायला परवाना लागतो. सोडून द्या.

दोनभेळ
मेळाव्यातली खाऊगल्ली. शंभर प्लेट भेळेला: कुरमुरे अडीच-तीन किलो, फरसाण अडीच, उकडलेले बटाटे चार, कांदा तीन, चिंच-गुळाची चटणी अडीच लिटर, हिरवी एक लिटर, कोथिंबीर पाच-सहा जुड्या. कांदा शेवटच्या तासाभरात चिरायचा. सर्वांत मोठी चूक म्हणजे गर्दी पाहून दहा प्लेट एकदम कालवणं. चौथ्या प्लेटपासून लगदा होतो.

सरबत: वीस लिटरच्या जारमध्ये २०० मिलिलिटरचे शंभर पेले हिशोबात बसतात. लिंबं पन्नास-साठ, साखर दोन ते सव्वादोन किलो. साखर आदल्या दिवशी गरम पाण्यात विरघळवून पाक करून ठेवा, गार पाण्यात ती तळाशी बसते. मासळीबाजारातला लादीचा बर्फ आणू नका, जार आधीच थंड करून आणा.

आता मुद्द्याचं. पालकांनी घरून तीन हजारांचं सामान दिलं आणि गल्ल्यात अडीच हजार जमले, तर निधी जमला की बुडला? सामान फुकट आलं तरी त्याची किंमत वहीत देणगी म्हणून लिहा आणि खर्चातही धरा. बहुतेक स्टॉल कागदावर तोट्यात निघतात, हे सातवी-आठवीच्या मुलांना नीट कळतं आणि पुढच्या वर्षी ती भजी सोडून पुस्तकांची अदलाबदल किंवा नेमबाजीचा खेळ निवडतात.

पावतीपुस्तक
दोनभेळ, अगदी बरोबर. कायद्याचं थोडं. नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज लागतो. गणेश मंडळं करतात तोच. शाळेसाठी सोपा मार्ग: नोंदणीकृत संस्था निवडा, तिचं लेखी पत्र आणि तिचीच क्रमांक छापलेली पावतीपुस्तकं घ्या. कोणत्या वर्गाला कोणते क्रमांक दिले ते नोंदवा. रद्द पावती फाडून टाकायची नाही, दोन्ही प्रती पुस्तकातच.

८०जी, म्हणजे देणगीवरची आयकरातली वजावट, विचारणारे भेटतातच. रोख दोन हजारांपर्यंतच वजावट धरली जाते, आणि नव्या करप्रणालीत ती वजावटच नाही. मुलांच्या तोंडी 'करात सूट मिळेल' हे वाक्य सरसकट घालू नका.

अमेरिकेतली मावशी पैसे पाठवते म्हणाली तर तिचं नागरिकत्व विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर ती परकीय देणगी ठरत नाही. परदेशी नागरिक झाली असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असलं तरी, संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे त्या नोंदणीच्या खात्यातच.

क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा, बाईंच्या फोनचा कधीच नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं नव्हे.

दृष्टिदानवाले
निधीवरच सगळे बोलताहेत, प्रबोधनाचंही लिहितो. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो आणि शाळा संकल्पअर्जांचा गठ्ठा भरून घेतात. पण प्रत्यक्ष वेळी संमती नातेवाइकांची लागते. अर्ज कपाटात असला आणि घरच्यांना ठाऊक नसलं तर उपयोग शून्य. त्यामुळे अर्ज किती भरले ते मोजण्याऐवजी किती घरांत हा विषय जेवताना निघाला ते मोजा. मुलाने आजी-आजोबांशी बोलून चार ओळी लिहून आणायच्या.

पत्रकावर पाचच गोष्टी: मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. पंखा बंद. पापण्या मिटून वर ओला कापूस. डोक्याखाली उशी. जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक, तोही छापण्याआधी स्वतः फोन लावून तपासलेला. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह असला तरी दान करता येतं, हे पथनाट्यात घाला. पथनाट्य आठ मिनिटांपेक्षा लांबवू नका आणि रिक्षास्टँडजवळ करू नका. डफ ऐकू येतो, संवाद नाही.

चिल्लरखुर्दा
शेवटी डबे. झाकणावर कागदी पट्टी, तिच्यावर शिक्षक आणि विद्यार्थी प्रतिनिधी दोघांची सही, अर्धी सही झाकणावर अर्धी डब्यावर येईल अशी. उघडताना तीन माणसं: एक मोजतो, एक पुन्हा मोजतो, एक लिहितो. तक्ता मूल्यानुसार: पाचशेच्या किती, शंभरच्या किती, खाली नाणी. शंभर-शंभर नाणी पारदर्शक पिशव्यांत भरली की बँकेत काम सोपं होतं. दहाचं नाणं कुणी नाकारलं तर सांगा, रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच चौदाही नक्षींची नाणी वैध असल्याचं स्पष्ट केलं आहे. शाळा सुटायच्या आधी मोजणी संपत नसेल तर डबा उघडूच नका. अर्धवट मोजलेली रक्कम रात्रभर कपाटात राहिली की दुसऱ्या दिवशी दहा रुपयांचा फरकही कुणाच्या तरी नावावर चिकटतो. जमा केल्याचं चलन आणि संस्थेची पावती, दोन्हींची झेरॉक्स सूचनाफलकावर लावा, खर्चाच्या तक्त्यासह.

मातीचेदिवे
चिल्लरखुर्दा, पट्टीला खळ वापरू नका, झुरळं खातात. डिंक लावा.