मदत हवी आहे : डच एचिंगांमधला नदीकाठ ‘राष्ट्रीय’ कोणासाठी होता?

नमस्कार,

एकोणिसाव्या शतकातील डच एचिंगांमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून कागदावर छापलेल्या चित्रांमध्ये) दिसणारा ग्रामीण नदीकाठ, या विषयावर मी पदव्युत्तर प्रबंधिका लिहीत आहे आणि मुख्य मुद्द्यापाशीच अडले आहे.

नेहमीची मांडणी अशी : १८३० साली बेल्जियम फुटून निघाल्यावर उरलेल्या लहानशा नेदरलँड्सने आपली ओळख सतराव्या शतकाच्या वैभवात शोधली. १८५२ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्या शतकातला चित्रकार रेम्ब्रांट याचा पुतळा उभा राहिला. सखल शेते, बांध आणि होड्या त्याने १६४० च्या दशकातच एचिंगमध्ये आणल्या होत्या, तेव्हा पुढच्यांनी तोच विषय घेणे हा राष्ट्राभिमानच होय.

मला हे पुरते पटत नाही, आणि त्याचे कारण एकोणिसाव्या शतकातला डच चित्रकार योंगकिंड. त्याचा ‘हॉलंडची दृश्ये’ हा सहा एचिंगांचा संच १८६२ साली पॅरिसमध्ये निघाला. शीर्षक फ्रेंच, प्रकाशक कादार पॅरिसचा आणि चित्रकारही तोवर फ्रान्समध्येच रमलेला. आभाळ बव्हंशी कोरे, पाणी म्हणजे तुटक आडव्या रेघा आणि त्यांवर शिडाच्या होड्या, एवढ्यात त्याने हॉलंड उभे केले आहे. एचिंगला नव्याने चांगले दिवस येत असताना पॅरिसच्या संग्राहकांना जे हॉलंड हवे होते, तेच हे नसेल कशावरून?

दुसरा पेच चित्रांत जे नाही त्याचा आहे. १८६१ च्या पुरात वाल नदीकाठचा बोमेलरवार्ड हा प्रदेश पाण्याखाली गेला, १८६८ साली क्युलेमबोर्खपाशी लेक नदीवर प्रचंड गाळ्याचा लोखंडी रेल्वेपूल झाला आणि १८७२ साली रॉटरडॅमसाठी समुद्राकडे नवा जलमार्ग खुला झाला. मी पाहिलेल्या एचिंगांमध्ये यातले काहीच नाही. तिथे अजून शीड, पवनचक्की आणि गवताळ काठ. या चित्रकारांना आधुनिक नदीचे वावडे होते म्हणावे, तर १८८५ साली स्थापन झालेल्या डच एचिंग क्लबच्या वर्तुळातल्या विलेम विटसेनने लंडनच्या मुक्कामात थेम्सवरचा वॉटर्लू पूल चांगला मन लावून रेखाटला आहे. (ती धुरकट एचिंगे अवश्य पाहावीत.)

म्हणून विचारते : या एचिंगांच्या प्रती नेदरलँड्समध्ये कोण विकत घेत असे आणि तत्कालीन डच समीक्षक त्यांना ‘आपली’ म्हणत होते का, हे कोणत्या प्रकारच्या कागदपत्रांतून कळेल? प्रदर्शनांच्या याद्या, विक्रेत्यांच्या वह्या की नियतकालिके? अ‍ॅमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियम या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील प्रतिमा मी पाहिल्या आहेत, पण माझे डच अगदीच जुजबी आहे. तिकडे राहणाऱ्या आणि डच वाचू शकणाऱ्या कोणी सुरुवात कुठून करावी एवढे सांगितले, तरी मोठी मदत होईल.