चिनी मित्राने मुलाला "नदीतला खेकडा" असं का लिहिलं असेल?

वेंगुर्ल्याची बाय

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ल्याला असते. मुलगा बोटीवर सेकंड इंजिनियर आहे. त्यांची बोट महिनाभर चीनमध्ये चौशानला दुरुस्तीसाठी लागली आहे. तिथल्या यार्डातल्या एका फिटरशी त्याची चांगली गट्टी जमली. चाळिशी उलटलेला माणूस, घरी म्हातारी आई आणि शाळेत जाणारी मुलगी. दोघं वीचॅट या चिनी अ‍ॅपवर बोलतात. हा इंग्रजीत लिहितो, तो चिनीत, भाषांतर फोनच करतो.

परवा तो म्हणाला, तुला एक व्हिडिओ पाठवलाय, बघ. मुलाकडे काहीच आलं नव्हतं. पुन्हा पाठवला, तरी नाही. मग त्याने एवढंच लिहिलं: "नदीतला खेकडा." आमचा मुलगा कोकणातला, त्याला वाटलं जेवायला बोलावतोय. त्याने लगेच "कधी येऊ?" विचारलं. त्यावर उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी यार्डात भेटला तो नेहमीसारखाच हसून बोलला, पण तो विषय काढला नाही. आपलं काही चुकलं का, हे मुलाच्या मनाला लागून राहिलंय.

आणि आमच्या वाडीच्या ग्रुपवर येतं की तिथे सरकार प्रत्येक माणसाला गुण देतं, कमी पडले की गाडीत बसू देत नाही. माझ्या मुलाशी बोलल्यामुळे त्या माणसाला त्रास होईल का? काळजी वाटते म्हणून विचारते. चीनला शिव्या घालणारी उत्तरं कृपया नकोत.

रापणीचा दोर, देवगड

मावशी, खेकड्याचं मला ठाऊक नाही, पण बोटीवर जन्म गेला म्हणून एक कामाचं सांगतो. तिथे व्हॉट्सअ‍ॅप लागत नाही. पण मुलाने आपलं भारतातलं सिम रोमिंगवर ठेवलं, तर त्याचा डेटा इथल्याच कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून जातो, त्यामुळे घरी बोलता येतं. यार्डाच्या वायफायवर नाही जमणार. पैसे जास्त पडतात, तेव्हा आधी पॅक घ्यायला सांगा.

सुरंगी

मॅडम, तुमच्या मुलाचं काहीही चुकलेलं नाही. मी मालवणची. २०१६ ला ज्यांगसू प्रांतात एमबीबीएसला गेले, आता कणकवलीला असते.

हू चिंताव अध्यक्ष होते तेव्हा पक्षाची घोषणा होती, "सुसंवादी समाज". सुसंवादाला चिनीत म्हणतात हशिए. त्या नावाखाली इंटरनेटवरचं लिखाण पुसलं जायला लागलं तसे लोक म्हणू लागले, "माझ्या पोस्टचा सुसंवाद झाला." मग त्या शब्दावरही नजर बसली. तेव्हा लोकांनी दुसरा हशिए धरला. उच्चार तोच, शेवटचा सूर तेवढा वेगळा, आणि अर्थ नदीतला खेकडा. तुमच्या मुलाचा मित्र सांगत होता की व्हिडिओ वाटेतच पुसला गेला. वीचॅटवर पाठवणाऱ्याला "गेला" असं दिसतं, घेणाऱ्याकडे पोचत नाही, आणि कोणी कोणाला कळवत नाही. पुढे तो गप्प राहिला तो रागाने नव्हे. ज्या माणसाने तुमच्यासमोर तो शब्द वापरला त्याने तुमच्यावर विश्वास टाकला, असं मी तरी मानते.

या खेकड्याचं एक जेवणही झालंय. आय वेवे या कलावंताचा शांघायचा स्टुडिओ पाडायचं ठरलं, तेव्हा त्याने नोव्हेंबर २०१० मध्ये तिथे लोकांना खेकडे खायला बोलावलं. त्याला बीजिंगच्या घरातून बाहेर पडू दिलं नाही. लोक मात्र आले आणि त्याच्याविना जेवले. जानेवारीत स्टुडिओ पाडला.

आता माझ्या डोळ्यांदेखतचं. २०२० च्या जानेवारीत चिनी नवीन वर्षाच्या सुट्टीला मी मालवणला आले आणि अडकले. १० मार्चला "रनवू" मासिकाने वूहानच्या डॉ. आय फेन यांची मुलाखत छापली. त्यांनीच डिसेंबरअखेर एका रुग्णाच्या अहवालाचा फोटो पाठवला होता, तो फिरत फिरत नव्या आजाराबद्दल सहकाऱ्यांना सावध करणाऱ्या डॉ. ली वेनलियांग यांच्याकडे गेला होता. ली फेब्रुवारीत कोविडने गेले. ती मुलाखत काही तासांत गायब झाली. मग माझ्या वीचॅटवर तीच मुलाखत नवनव्या वेषात यायला लागली: शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिलेली, नुसत्या इमोजींची, हाडांवर कोरत त्या प्राचीन लिपीतली. पाठवणाऱ्या होत्या माझ्या वर्गातल्या मुली, ज्या एरवी नूडल्सचे फोटो टाकायच्या.

एक आली मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांत. माझे बाबा बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. लोट्यावर, म्हणजे ओसरीवर बसून त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ह्यां कोणी पाठवल्यान गो?" कागद घेऊन दोन ओळी उतरवून काढल्या. मूळ मजकूर चिनी, त्यामुळे अर्थ लागेना. मी समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तो कागद अजून त्यांच्या सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकाच्या पाकिटात आहे.

गुणांचं: सगळ्या देशाला लागू असा प्रत्येक माणसाचा एकच आकडा नाही. शानतोंगमधल्या रोंगचंगसारख्या काही शहरांनी गुण देऊन पाहिले. विमानाचं किंवा वेगवान रेल्वेचं तिकीट अडतं ते मुख्यतः कोर्टाने हुकूम देऊनही पैसे न भरणाऱ्यांचं, त्यांची वेगळी यादी असते. बोटीवरच्या मित्राशी गप्पा मारल्याने गुण जात नाहीत. पण वीचॅटवरचं बोलणं खाजगी नसतं, हे तो माणूस आपल्यापेक्षा जास्त जाणतो. म्हणून राजकारण मुलाने आपणहून काढू नये. त्याने काढलं तर ऐकावं, आणि स्क्रीनशॉट कुठेही टाकू नये. हे शेवटचं फार महत्त्वाचं.

२९ जून २०२० ला आपल्याकडे ५९ अ‍ॅप बंद झाली, त्यात वीचॅटही होतं. माझी रूममेट तेव्हा तुटली ती तुटलीच. यांगचंग तळ्याचे खेकडे ती मला उकडून द्यायची, आलं घातलेल्या व्हिनेगरबरोबर. म्हणायची, नवव्या चांद्रमासात मादी खावी, दहाव्यात नर. तुमच्या मुलाला म्हणावं, खेकड्यांवर खुशाल बोल, पण खऱ्या खेकड्यांवर.

वेंगुर्ल्याची बाय

डॉक्टर, तुमचं उत्तर मुलाला फोनवर वाचून दाखवलं. रोमिंग पॅकही घेतला त्याने. मित्राला त्याने लिहिलं की आमच्याकडे अमावास्येची कुर्ली भरलेली, पौर्णिमेची पोकळ. सोबत गेल्या पावसात व्हाळात धरलेल्या कुर्ल्यांचा फोटो पाठवला. तो पोचला. मित्राने आईला दाखवला आणि आईने विचारलंय, भरलेली कुर्ली न फोडता कशी ओळखायची? मी पडले शाकाहारी. कोणी सांगेल का?

रापणीचा दोर, देवगड

हातात घेऊन वजन बघायचं. मग उलटी करून पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबायचं. दबली तर पोकळ. आंगडे, म्हणजे नांग्या, आधी बांधून घ्यायला सांगा त्या आजीला.